प्रत्येक ऋतूचा धूर वेगळा

दिवाळी उलटली की दवाखान्यात खोकल्याचे पेशंट वाढतात आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही येतो : ‘डॉक्टर, आपल्या खारघरच्या हवेत हल्ली आहे तरी काय?’ विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते. कोणी तळोज्याच्या कारखान्यांकडे बोट दाखवतो, कोणी नव्या टॉवरच्या बांधकामाकडे, कोणी सायन-पनवेल हायवेकडे. तरुण मंडळी तर मोबाइलवर हवेच्या गुणवत्तेचा आकडा काढून माझ्यापुढे धरतात. आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. वाण्याने पुडी एक किलोची आहे एवढेच सांगितले, तर आत साखर आहे की मीठ हे कळत नाही, तसेच हे. आज ती पुडी सोडून पाहू. आतला माल दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो आणि आपण मात्र बारा महिने एकच औषध लावत बसलो आहोत, असे माझे मत आहे.

हवेत तरंगणाऱ्या ज्या कणांचा व्यास अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो, त्यांना पीएम २.५ म्हणतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करावा. रस्त्यावरची जाडी धूळ नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव अडवतो. आपण शिंकतो, खाकरतो, ती बाहेर पडते. हे बारीक कण मात्र थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत उतरतात आणि त्यातले अतिबारीक रक्तातही शिरतात. म्हणून दम्याबरोबरच हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही त्यांच्याशी जोडलेला आहे. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांप्रमाणे दर घनमीटर हवेत हे कण चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली मर्यादा आणखी खाली आणून ती अनुक्रमे १५ आणि ५ केली.

आता या वजनात काय काय असते? माती असते, समुद्राचे मीठ असते, सल्फेट-नायट्रेट असतात, काजळी असते. आणि एक मोठा हिस्सा असतो सेंद्रिय संयुगांचा. ‘सेंद्रिय’ म्हटले की आपल्याला सेंद्रिय गूळ आठवतो आणि काहीतरी पौष्टिक असावे असे वाटते! रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे. लाकूड, पाला, प्लास्टिक, डिझेल, तेल अर्धवट जळाले की जे उरते ते हे. जगभरच्या मोजमापांत सूक्ष्म कणांच्या वजनातला सेंद्रिय भाग कुठे पाचवा हिस्सा, तर कुठे निम्म्याहूनही पुष्कळ जास्त आढळला आहे.

या संयुगांची ओळख वैद्यकाला जुनी आहे. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने १७७५ साली दाखवून दिले, की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणाच्या त्वचेचा जो कॅन्सर होतो, तो काजळीमुळे होतो. आम्ही एमबीबीएसला असताना हे पाठ केले होते. त्या काजळीतल्या एका द्रव्याचे नाव बेंझो-ए-पायरीन. सिगारेटच्या धुरात ते असते, लाकडाच्या, कोळशाच्या, डिझेलच्या धुरातही असते. आपल्या मानकांत त्याची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला एक नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग, एवढीच ठेवली आहे. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ साली बाहेरच्या प्रदूषित हवेलाच माणसात कॅन्सर निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. टाटा मेमोरियलचे ‘अॅक्ट्रेक’ हे कॅन्सर संशोधन आणि उपचार केंद्र आपल्या खारघरमध्येच आहे. त्याच्या फाटकाबाहेर बसलेले परगावचे नातेवाईक आपण रोज पाहतो, पण त्याच रस्त्याच्या कडेला पेटलेला कचऱ्याचा ढीग पाहून थांबत नाही.

धुराचे एक बरे असते, तो आपला पत्ता मागे ठेवतो. लाकडातले सेल्युलोज जळले की लेव्होग्लुकोसान नावाची एक साखर तयार होते. हवेच्या नमुन्यात ती सापडली की कुठेतरी लाकूड, पाला किंवा गवत जळले हे नक्की. इंजिनच्या तेलातून होपेन नावाची संयुगे येतात. प्लास्टिक जाळले की ट्रायफिनाइलबेंझीन येते. चेन्नईत २००७ साली हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यांत शास्त्रज्ञांना प्लास्टिक जाळल्याची ही खूण सापडली, आणि प्लास्टिक मऊ करण्यासाठी घालतात ती थॅलेट नावाची द्रव्येही मोठ्या प्रमाणात सापडली. शहराच्या हवेत प्लास्टिकची पिशवी आणि बालदी वाफ होऊन तरंगत होती, असे म्हणा ना! आपल्याकडे याहून वेगळे काही चालते असे मानायला मला कारण दिसत नाही.

मग आपल्या भागाचे वर्ष कसे जाते ते पाहू. सुरुवात दिवाळीपासून करतो. फटाक्यांच्या आवाजाविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली नेहमीच्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म कण सोडणारा प्रकार निघाला सापाची गोळी. माळ दुसरी, फुलबाजी त्याच्याही खाली, आणि अनार या यादीत सर्वांत मागे. सापाच्या गोळीला आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून आपण ती घरातल्या सर्वांत लहान पोराच्या हातात देतो आणि ते पोर तिच्यावर ओणवे होऊन साप कसा निघतो ते पाहत बसते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी छातीत घरघर घेऊन येणाऱ्या मुलांच्या आयांना मी आता पहिल्यांदा या गोळीबद्दलच विचारतो. ‘नाही हो डॉक्टर, मोठे फटाके आम्ही देतच नाही त्याला,’ असे त्या अभिमानाने सांगतात.

दिवाळीनंतर खरा हिवाळा येतो, आणि आपल्या हवेचा सर्वांत वाईट काळ हाच. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर उठते आणि धूर उंचावर विरून जातो. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन बसते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा येतो. रात्री नऊला पेटवलेल्या शेकोटीचा धूर सकाळी नऊलाही तिथेच असतो. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये अशाच झाकणाखाली कोळशाचा धूर पाच दिवस कोंडला आणि त्या वेळच्या हिशेबाने सुमारे चार हजार माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. आपल्याकडे शिवाय रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, म्हणजे तळोज्याच्या बाजूची हवा हळूहळू आपल्याकडे सरकते. पश्चिमेला डोंगर. ज्यांना पहाटे साडेपाचला सेंट्रल पार्ककडे झपाझप चालण्याची हौस आहे, त्यांनी डिसेंबर-जानेवारीत ऊन चांगले वर आल्यावर बाहेर पडावे. पहाटेची हवा शुद्ध हे आजोबांनी सांगितले ते त्यांच्या गावाला धरून होते.

या झाकणाखाली आपण काय जाळतो? खारघरमध्ये संध्याकाळी एक फेरी मारली तरी पुरे. प्रत्येक दोन-चार इमारतींआड वॉचमनची शेकोटी. त्याला लाकूड कोण आणून देणार? वरच्या फ्लॅटमध्ये रिनोव्हेशन चाललेले असते, तिथून खाली आलेले प्लायवूडचे तुकडे, थर्माकोल, वायरचे तुकडे, रंगाचे रिकामे डबे हेच त्याचे सरपण. असाच एक तिशीतला वॉचमन माझ्याकडे येतो. विडी नाही, दारू नाही, लहानपणी दम्याचा त्रास नाही, आणि डिसेंबर लागला की धाप. मे महिन्यात तपासावे तर छाती साफ. त्याला औषध देऊन मी परत त्याच शेकोटीपाशी पाठवतो, हे मला पटत नव्हते, म्हणून त्याच्या सोसायटीच्या कमिटीला सुचवले की दोन जाड ब्लँकेट, एक चांगले जर्किन द्या आणि रात्रीच्या चहासाठी थर्मास ठेवा. हा खर्च कोणत्या हेडखाली दाखवायचा यावर चर्चा अडली. त्याच कमिटीने लॉबीत हवा शुद्ध करण्याचे यंत्र बसवले, त्याला हेड सापडले होते. असो.

कारखान्यांना मी सोडून देतो आहे असे कोणी समजू नये. तळोजा वसाहतीतून रात्री-बेरात्री येणाऱ्या उग्र वासाच्या तक्रारी आपण वर्षानुवर्षे करतो आहोत आणि त्या केल्याच पाहिजेत. हायवेवरच्या डिझेलच्या ट्रकांचेही तेच. पण वास म्हणजे वायू, आणि त्या वायूंची गोष्ट उन्हाळ्यात पुढे सरकते, ती आता सांगतो.

फेब्रुवारीपासून झाडे पाने टाकू लागतात. रस्त्याकडेच्या झाडांचा पाला सफाई कामगार गोळा करतात, ढीग मोठा झाला की कोणीतरी काडी लावते, आणि त्यात पाल्याबरोबर वेफर्सची पाकिटे, दुधाच्या पिशव्या सगळे जाते. याच सुमारास खारघरच्या डोंगरावरचे वाळलेले गवत पेटू लागते. रात्री डोंगरावर आगीची रांग दिसली की लोक गच्चीवर येऊन फोटो काढतात. शेतकरी याच दिवसांत राब भाजतात. शेण, पाला, फांद्या, गवत भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळायचे, ही रायगडची पिढ्यान् पिढ्यांची रीत. वीटभट्ट्याही पावसाळ्यापर्यंत चालू असतात. शेतकऱ्याला दोष देणे शहरातल्या माणसाला फार सोपे जाते. त्याने राब भाजला तो तण मरावे, माती सुधारावी म्हणून. आपण पाला जाळतो तो केवळ उचलायचा कंटाळा म्हणून. शिवाय शेतीत पर्याय शोधणारी माणसे आपल्याच जिल्ह्यात आहेत. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यावर थेट भात टोकण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यात रोपे काढून लावणीच करायची नसते, त्यामुळे राबाचीही गरज उरत नाही. शहरातल्या पाल्यासाठी तर खड्डा पुरतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी खारे वारे सुटतात, हवा मोकळी होते, मोबाइलवरचा आकडा उतरतो. पण त्या कमी झालेल्या कणांची जात बदललेली असते. कडक ऊन हे मोठे स्वयंपाकघर आहे. पेट्रोलच्या वाफा, रंगातला थिनर, कारखान्यातली द्रावणे, धुरातले वायू या सगळ्यांवर उन्हात रासायनिक क्रिया होते, त्यांचे रेणू जड होतात आणि कणांवर जाऊन बसतात किंवा स्वतःच नवे कण बनतात. म्हणजे चिमणीतून कण निघालाच नव्हता, वाफ निघाली होती, आणि कण तयार झाला तो वाटेत. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे हे गूढ हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास उकलले. झाडेही अशा काही वाफा सोडतात. त्यावरून झाडे तोडा असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. उन्हाळ्यात दुपारी डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, ताप नसतो, अशा पेशंटला अँटिबायोटिक मागण्याची घाई असते. त्याला सावली, पाणी आणि थोडा धीर यांची गरज जास्त असते.

मग पाऊस येतो. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस हवा धुऊन काढतो आणि बहुतेकांचा खोकला थांबतो. बहुतेकांचा म्हणतो, कारण डोंगरावरच्या पाड्यातली एक आजी माझ्याकडे उलट्या हिशेबाने येते. साऱ्या गावाला बरे वाटते तेव्हा तिला धाप लागते. पावसाळ्यात चूल अंगणातून घरात येते, लाकूड ओले असते, दारे बंद असतात. गॅसचे कनेक्शन आहे, पण भरलेला सिलिंडर वर न्यायचा कोणी आणि पैसे आणायचे कुठून? आयुष्यात विडी न ओढलेल्या माणसांना, विशेषतः चुलीपुढे बसणाऱ्या बायकांना, सीओपीडी हा फुफ्फुसाचा आजार किती होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात साऱ्या जगापुढे मांडले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पावसाळ्यात खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवली, तर एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. मच्छरदाणी लावावी. ती आता जुनाट वाटते, पण तिला धूर नाही.

जानेवारी २०२१ मध्ये वातावरण फाउंडेशनने खारघरमध्ये कृत्रिम पांढऱ्या फुफ्फुसांचा मोठा फलक उभा केला होता, तो अनेकांना आठवत असेल. दहा दिवसांत ती फुफ्फुसे काळी पडली. फोटो वर्तमानपत्रांत आले, लोक हळहळले. ते काम चांगलेच झाले. पण डॉक्टर म्हणून मला त्यात एक गोष्ट जाणवली : काळी दिसली ती काजळी. सेंद्रिय संयुगांपैकी पुष्कळशी फिकट, तपकिरी किंवा बिनरंगाची असतात, ती कापडावर उठून दिसत नाहीत. तोच फलक मे महिन्यात लावला असता तर इतका काळा पडला नसता आणि आपण हवा चांगली आहे असे म्हणून घरी गेलो असतो.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. २०१९ साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. नवी मुंबईचे नाव त्याच्या यादीत आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ साली या कार्यक्रमातल्या खर्चाचा हिशेब मांडला. देशभर झालेल्या खर्चापैकी ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेला होता. लाकूड-पाला-कचरा जाळण्यावर साडेचौदा टक्के, वाहनांवर पावणेतेरा टक्क्यांच्या आत, आणि उद्योगांवर एक टक्कासुद्धा नाही. रस्ते झाडायची यंत्रे, पाण्याचा फवारा उडवणाऱ्या गाड्या डोळ्यांना दिसतात, उद्घाटनाला बऱ्या पडतात. जाडी धूळ त्यांनी बसते, हे खरे आहे. पण रात्री दहाला जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर सकाळी अकराला रस्त्यावर मारलेल्या पाण्याने कसा बसणार? न्यूमोनिया झालेल्याला खरजेचे मलम देण्यापैकी हे आहे. मुंबईत निदान जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. कोणत्या चुलीतून काय निघते हे पाहून दिलेला आदेश होता तो.

खारघर पनवेल महानगरपालिकेत येते. माझी मागणी साधी आहे आणि ती ऋतूप्रमाणे आहे. नोव्हेंबर ते जानेवारी धूळ झाडणाऱ्या यंत्रांइतकीच माणसे रात्रीच्या फेरीला ठेवा, कचरा पेटला की विझवायला. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली होती आणि त्याच वर्षी हरित लवादाने साध्या जाळपोळीला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड सांगितला होता. सफाई कामगाराला दंड करून मात्र काही साधणार नाही. पाला न्यायला गाडी येत नाही म्हणून तो जाळतो. फेब्रुवारीआधी प्रत्येक सेक्टरमध्ये पाल्याचे खड्डे तयार हवेत. वन खात्याने डोंगरावर जाळरेषा गवत वाळण्याआधी काढाव्यात आणि पाड्यावरच्या तरुणांना त्या कामाची मजुरी द्यावी. हवा मोजणाऱ्यांनी नुसते वजन न देता निदान प्रत्येक ऋतूत काही नमुने प्रयोगशाळेत पाठवून त्यात लाकूड किती, प्लास्टिक किती, डिझेल किती हे जाहीर करावे. मग तळोजा दोषी की शेकोटी, हा वाद आपोआप मिटेल. कदाचित दोघेही निघतील, वेगवेगळ्या महिन्यांत.

घरातल्या दम्याच्या पेशंटसाठी एक काम आजपासून करता येईल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर धाप लागली त्या दिवशी खूण करा आणि त्या दिवशी आसपास काय जळत होते तेही लिहा. वर्षभराचे असे कॅलेंडर घेऊन येणारा पेशंट मला एक्स-रेपेक्षा जास्त सांगून जातो, आणि त्रासाचा महिना येण्याआधी त्याचा पंप सुरू करता येतो. धुराच्या दिवसांत नाकाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत, एन-९५ मास्क लागतो. पंपाची सवय लागते का, हा प्रश्न बऱ्याच वाचकांनी विचारला आहे. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.